चार बोटं कापड

लग्नाच्या झग्याला दुसऱ्यांदा कात्री लावायची नाही, असा शिवणकाम करणाऱ्या मावशींचा दंडक होता. पण गेल्या वर्षीच्या एका नवरीचा नवरा तिचा झगा घेऊन दुकानात आला आणि म्हणाला, "मुलगी झाली, मावशी. याच लेसचा तिला झगा हवाय, तिच्या आईनंच सांगितलंय." मावशींनी दंडक लगेच गुंडाळून ठेवला.

"सहा नमुने नाकारून निवडली होती हो तिनं ही लेस!" गळ्याजवळची फुलं चाचपत त्या म्हणाल्या. "मशीनची असली म्हणून काय झालं, पाकळी न् पाकळी मोजून घ्या. एकाही फुलाला धक्का लावणार नाही मी. केवढी आहे लेक?"

त्यानं दोन्ही तळहात समोर धरून माप दाखवलं. हातभरही नव्हतं ते.

"अगं बाई, एवढुशी! मग खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवते. पोरी काय, बघता बघता वाढतात. लागेल तसं उसवत न्यायचं."

त्याचे हात तसेच हवेत राहिले.

"दुमडू नका, मावशी. ती आता एवढीच राहणार आहे."