हलवायचं नाही

"हात लावू नकोस हं!" आत्याने मला पुन्हा बजावलं.

प्रयोगशाळेतल्या गारठवणाऱ्या यंत्रात तेलाची बाटली उभी होती. गॅसपासून बनवलेल्या पांढऱ्याशुभ्र मेणाचं आत्याने तिच्या नव्या उत्प्रेरकाने इंजिनात घालायचं तेल केलं होतं. ते उणे पंधरा अंशांना गोठलं नाही, तरच तिचा प्रकल्प पुढे चालणार होता. नाहीतर आजच गुंडाळणार. परीक्षा तिची आणि सारखी घड्याळाकडे बघत होते मी!

यंत्राची घंटी वाजताच, निकाल बघायला आलेल्या मोठ्या साहेबांनी घाईघाईने बाटली उचलली, जोरात हलवली आणि आडवी केली. तेल सरकलं!

"जमलं की हो, मॅडम! अभिनंदन!"

मी टाळ्या पिटणार, तेवढ्यात आत्या म्हणाली, "नाही साहेब. हलवलं की आत धरलेली मेणाची जाळी मोडते, मग गोठलेलं तेलसुद्धा वाहतं. पुन्हा करायला हवं."

"आत्या, गप्प बस ना गं!" मी तिचा ॲप्रन ओढत कुजबुजले. पास झालेला पेपर पुन्हा तपासा म्हणून कोण सांगतं?

तेल गरम करून पुन्हा गार करण्यात दुपार गेली. मी नखं खाऊन संपवली.

शेवटी आत्याने बाटली अलगद काढून आडवी धरली. तेल ढिम्म. मग त्याची कड मधासारखी हळूच पुढे सरकली.

मी अशी किंचाळले की साहेब दचकले. आत्याने बाटली त्यांच्या हातात ठेवली.

"घ्या साहेब, आता हलवा हवी तेवढी!"