हाफ क्लच

गिअर किरकिरल्याचा आवाज आला आणि मी दुपारची झोप टाकून गॅलरीत धावलो. माझ्या लाल स्पोर्ट्‌स कारमध्ये एक अनोळखी तरुण बसला होता. किल्ली आत राहिल्यामुळे चोरी सुरू झाली होती. गाडी मात्र जागची हलत नव्हती.

"अरे, क्लच दाब!" मी वरूनच ओरडलो.

"काका, स्टिअरिंगमागे गिअर बदलायच्या पट्ट्या कुठायत? मला ऑटोमॅटिकच जमतं," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "एवढ्या महागड्या गाडीत क्लच कोण ठेवतं?"

हा अपमान मात्र सहन होईना. मी खाली जाऊन त्याच्या शेजारी बसलो. "पट्ट्या दाबणं म्हणजे लिफ्टनं सिंहगड चढणं. डावा पाय हळू उचल. थरथर जाणवली? ती गाडी बोलतेय."

"जाणवली, काका!" त्याचे डोळे चमकले.

अर्ध्या तासात त्याला गल्लीत गाडी चालवणं जमलं. उरली समोरची चढण. "आता एकट्यानं," म्हणून मी उतरलो. हँडब्रेक न लावता, इंचभरही मागे न येता तो चढ चढला आणि वळणावर दिसेनासा झाला. मी टाळ्या वाजवत उभा होतो.

चौकीत हवालदारांनी विचारलं, "चोराची काही खूण?"

"क्लच फार सुंदर सोडतो," मी म्हणालो.