टायर चढंल, पण बसणार न्हाई

या, असे जवळ सरकून बसा. बुवा यायचेत अजून, टाळ घडीभर मांडीवर राहू द्या. तोवर एक गोष्ट सांगायची आहे. टायरची आहे. हसू नका, ऐका.

"टायर चढंल, पण बसणार न्हाई." बसलिंगप्पानं पिकअपच्या चाकावर थाप मारली. "चाकाची डिस्क कंपनीची हाय, आन् टायर आणलेत पैलवानाचे. भरल्या गाडीनं वळण घेतलं की आतल्या पत्र्याला घासंल. घासून घासून कापंल आन् घाटाच्या उतारावर फुटंल."

शेषेराव कंधारकडचा शेतकरी. उदगीरबाहेरच्या बसलिंगप्पाच्या टायर दुकानात तो मोठे टायर बरोबर घेऊनच आला होता. गाडीत सरकी पेंडीची पोती रचलेली.

"आप्पा, आमच्या वावराची वाट काळ्या रानातली. जरा ओल आली की गाडी पोटावर बसती. सगळे बसवून राहिलेत मोठे टायर."

"त्यांना बसवू द्या. मी न्हाई बसवत."

शेषेराव मागच्या ओट्याकडं वळून म्हणाला, "मावशी, आप्पा दुकान चालवायला बसलेत का गिऱ्हाईक हाकलायला?"

शेंगा निवडता निवडता उमाबाई हसली. नवऱ्याचा हट्ट तिला ठाऊक होता. श्रावणात त्यांचा लेक मन्मथ पहाटे दूध घालायला निघाला आणि कंधारच्या वाटेवरच्या घाटात वरच्या वळणावर कुठल्याशा गाडीनं त्याला उडवलं; पोरगं जागीच गेलं. गाडी थांबली नाही, सापडली नाही. तेव्हापासून चाकाच्या बाबतीत बसलिंगप्पा कुणाचं ऐकत नसे.

उमाबाईला आणखी एक सल होता. लिंगायताच्या लेकराच्या गळ्यात इष्टलिंग येतं, ते मातीत जातानाही त्याच्याबरोबरच जातं. मन्मथाच्या गळ्यातली लिंगाची चांदीची डबी मात्र मिळालीच नाही. तिची कडी तुटली होती, म्हणून बापानंच तांब्याची तार पिळून बसवली होती. स्वामींनी दुसरं लिंग हातात देऊन विधी उरकला. पण रोज दिवा लावताना तिचं मागणं एकच असायचं. महादेवा, माझ्या लेकराचं लिंग त्याला मिळू दे.

"थांबा, डोळ्यांनी बघा," बसलिंगप्पा म्हणाला. कुठल्याही चाकावरची जागा मापायची, तर आधी आतला चिखल खरवडायचा, ही त्याची रीत. पेचकस घेऊन तो चाकावरच्या पत्र्याखाली शिरला. वाळलेली ढेकळं खाली पडू लागली.

मग पडायची थांबली. बराच वेळ तो तसाच वाकून राहिला.

बाहेर आला तेव्हा त्यानं डावा हात फडक्यात गुंडाळला होता. पत्रा लागला असेल, असं उमाबाईला वाटलं.

"काय, घासतंय का?" शेषेरावानं विचारलं.

"न्हाई. चिखल काढला, जागा निघाली. बसवतो."

"अहो, आत्ता तर नको म्हणत होता," उमाबाई म्हणाली.

"गिऱ्हाइकाची मर्जी," तो म्हणाला. तिच्याकडं त्यानं बघितलं नाही.

तो काम करत होता तोवर उमाबाईनं शेषेरावाला ओट्यावर बोलावून चहा दिला. गडी बोलका होता. "दसऱ्याला घेतली ही गाडी, मावशी. जुनीच हाय, पण पायगुणाची निघाली. आधीच्या मालकाला घाई होती, स्वस्तात सोडली."

आत अंजू पिशवी भरत होती. लेक दिवाळीला आली होती. ओवाळायला भाऊ नव्हता, तरी ताट सजवून बसली होती बिचारी. सासर कंधारचं, आणि सकाळपासून बसचा पत्ता नाही.

चारी चाकं चढली. गाडी उंच, रुबाबदार दिसू लागली. एरवी नव्या चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि नारळ फोडायचं काम बसलिंगप्पा स्वतः करी. आज तो मागं न बघता न्हाणीकडं निघाला.

"पुन्हा आंघोळ?" उमाबाईनं विचारलं.

"हात लई मळलेत."

मग तिनंच चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, गाडीला कुंकू लावलं. आणि एकदम तिच्या मनात आलं.

"दादा, कंधारलाच चाललात ना? पोरीला सोडाल का?"

"सोडाल का म्हणजे? बहीणच हाय माझी. बसा ताई पुढं."

"अव्वा, आप्पाला सांगून येते," अंजू आईला म्हणाली.

"राहू दे, त्यांना वेळ लागंल. दिवस बुडायच्या आत पोच. मी सांगते त्यांना."

लिंबं चिरडत गाडी रस्त्याला लागली. उमाबाई हात हलवत राहिली.

बसलिंगप्पा ओलेत्यानं आला. कपाळावर ताजं भस्म होतं. पारोश्या हातानं ज्याला शिवू नये, ते त्यानं फडक्यातून काढलं आणि तिच्या ओंजळीत ठेवलं. चांदीची डबी. उमाबाईचं बोट पिळलेल्या तांब्याच्या तारेवर थांबलं.

"त्याच्या चाकावरच्या चिखलात होती," तो म्हणाला. "बसवून दिले टायर. उतरू दे आता घाट."

"अहो," ती म्हणाली. "दसऱ्याला घेतलीय त्यानं ती गाडी. दुसऱ्या कुणाची होती."

मग त्यानं रिकाम्या खोलीकडं नजर टाकली.

"अंजू कुठाय?"

उमाबाईनं नुसतं रस्त्याकडं बोट केलं. त्यानं लेकीला फोन लावला. आतल्या फळीवर, चार्जिंगला लावलेला अंजूचा फोन वाजू लागला.

मंडळी, हात जोडून एक मागणं आहे. त्या घाटातून कधी गेलात, तर मन्मथासाठी थांबू नका. त्याचं लिंग त्याला मिळालं. खालच्या वळणावर गाडी जरा हळू करा आणि अंजूची आठवण ठेवा. शेषेरावाचीही.