मागे मशीन चालू आहे

शिवणवाल्या बाईंनी मोबाइल कात्रीला टेकवून उभा केला, केसांवरून हात फिरवला आणि पडद्यावरच्या मुलीकडे गिऱ्हाइकाकडे बघतात तसं बघितलं.

"काम अगदी सोपं आहे, काकू," मुलगी म्हणाली. ती विद्यापीठासाठी स्वयंसेवक गोळा करत होती. "मुलं वेगवेगळ्या शहरांत असतात आणि मिळून एक प्रकल्प करतात, ऑनलाइन. पण कोणी कॅमेरा लावत नाही, कोणी बोलत नाही. तुम्ही मध्ये बसून त्यांना बोलतं करायचं."

"बोलतं करायचंय ना?" मागून सून म्हणाली. "मग बरोबर दुकानात आलात. यांच्यापुढे मुकाही भांडायला उठतो."

"तू शीव," बाई म्हणाल्या.

सुनेने पायांनी मशीन पुन्हा सुरू केली. मशीनचा पट्टा सैल होता. चार टाके सरळ पडले की ती गचका खायची, खट्ट. पट्टा बदलू या म्हणून सून किती दिवस मागे लागली होती. बाईंचं उत्तर ठरलेलं. या तालावर माझी दोन्ही पोरं झोपली, तुझे कान किटले म्हणून मी तो बदलायची नाही.

"शिक्षण विचारशील तर चौथी," त्या पडद्याला म्हणाल्या. "तीही मास्तर कंटाळले म्हणून."

"चालेल हो! जास्त शिकलेलं कोणी आलं की मुलं आणखीच गप्प बसतात."

"मग ते रुग्णालयातल्या गाउनचं काम करतायत ना, त्या गटात बसव मला. कपड्यातलं जरा कळतं."

गाउनची बातमी सुनेने आणली होती. नणंद फोन करायची तो वहिनीला. आईशी तिने बोलणं सोडलं होतं, आणि आपण होऊन फोन लावायला आईची मान वाकत नव्हती.

"एक प्रश्न सगळ्यांनाच विचारते," मुलगी म्हणाली. "त्या गटात तुमचं घरचं कोणी नाही ना? असलं तर दुसरा गट देतो आम्ही. मुलं संकोचतात."

मशीन थांबली. कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने सुनेने मान हलवली. नाही म्हणा.

"माझं तिथे कोणी नाही," बाई म्हणाल्या. बोलायला जड गेलं नाही. घरात त्या रोज हेच म्हणत.

"छान! मग आत्ताच या, गट जमलाय. कॅमेरा तेवढा चालू ठेवा."

"त्यांची तोंडं झाकलेली आणि मी एकटीने दाखवू होय? बंद कर गं."

सुनेने येऊन कॅमेरा बंद केला.

पडद्यावर काळे चौकोन उमटले, प्रत्येकात एकेक अक्षर. तिसऱ्या चौकोनातलं अक्षर बाईंनी कधीतरी लाल दोऱ्याने शाळेच्या दप्तरावर भरलं होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि लगेच उचललं. उगाच काही दाबलं जायचं.

"या आपल्या नव्या काकू," मुलीने सांगितलं. "काकू, बोला ना."

बाईंनी तोंड उघडलं. आवाज ओळखला तर लेक निघून जाईल. त्यांनी तोंड मिटलं.

"उभ्या जन्मात पहिल्यांदा," सून पुटपुटली, आणि काय करावं ते न सुचून मशीनवर जाऊन बसली. टाके पडू लागले.

"नाडी मागे नको," तिसऱ्या चौकोनातून आवाज आला. घसा बसलेला होता. "बाजूला हवी. आजारी माणसाचा हात मागे पोचत नाही. एकटं असलं की बांधून द्यायलाही कोणी..."

मशीनने गचका खाल्ला. खट्ट.

वाक्य तिथेच राहिलं.

गरम पाणी घे गं, एवढंच बाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"काकू, तुमच्याकडून फार आवाज येतोय," मुलगी म्हणाली. "मागे मशीन चालू आहे का? जरा बंद करता?"

सुनेने पाय उचलला. दुकान चिडीचूप झालं.

"राहू दे," तिसरा चौकोन म्हणाला. मग हळूच, "चालू दे मशीन."

बाई उठल्या. सुनेला खांद्याला धरून बाजूला केलं आणि तिच्या जागी बसल्या. सुईखाली कापड नव्हतं. त्यांनी दोन्ही पाय ठेवले आणि मशीन चालवायला लागल्या.