पाठीवरची दोन बोटं

दोघेही एकाच वेळी मागे सरकले. राजकुमाररावांचा हात रत्नमालाबाईंच्या हातातून सुटला आणि लग्नाआधीच्या व्हिडिओसाठी वॉल्ट्झ शिकायला आलेलं एक जोडपं फिस्सकन हसलं.

नाच शिकवणाऱ्या अभयने गाणं बंद केलं. "काका, पुरुषानं पुढं यायचं असतं. बाई मागं जाते. छावणीत गोरे साहेब नाचायचे तेव्हापासनं असंच चालत आलंय."

राजकुमाररावांना हे कुठून माहीत असणार? पडेगावातल्या या हॉलची पायरी ते आज पहिल्यांदाच चढले होते. त्यांची बायको सुलेखा मात्र इथे दोन वर्षं येत होती. "चला की हो," म्हणून तिने किती मनधरणी केली! यांचं उत्तर ठरलेलं. "ह्या वयात चारचौघांत बायकोला धरून नाचू? लोक तोंडात शेण घालतील."

मग ती घरीच शिकवायची. पडदे ओढून, सोफा भिंतीला लावून. ती पुढे यायची, हे मागे जायचे. वळायच्या आधी ती त्यांच्या पाठीवर दोन बोटं हलकेच दाबायची, की हे वळायचे. त्यांना ते फार आवडायचं. तिला तसं कधी सांगितलं मात्र नाही.

"क्लासच्या यंदाच्या कार्यक्रमात तरी नाचा माझ्यासंगं," ती म्हणाली होती.

"पुढच्या वर्षी. नक्की."

पुढचं वर्ष यायच्या आत सुलेखा गेली.

तेव्हापासून ती दोन बोटं त्यांची पाठ सोडत नव्हती. चहा गाळताना, शहागंजात भाजी घेताना, नेमकी त्याच जागी टेकायची. ते वळायचे. मागे कुणी नसायचं. त्यांना भीती वाटायची नाही, लाज वाटायची. दिलेला शब्द एकदाचा पाळला की सुटेल बिचारी, असं मनाशी धरून ते आज आले होते.

"सर, चूक माझीबी हाय," रत्नमालाबाई म्हणाल्या. त्या फुलंब्रीहून बसने यायच्या. "बाप्ये कुणी येतच नव्हते. आमच्या मालकालाबी लई लाज. मग सुलेखाताईच बाप्याच्या जागी उभ्या ऱ्हायच्या. त्या पुढं यायच्या, मी डोळे मिटून मागं जायची. मला तेवढंच येतं."

राजकुमारराव त्यांच्याकडे बघतच राहिले. "मलापण," ते कसेबसे म्हणाले. "तेवढंच येतं."

"कुणीतरी एकानं पुढं यायलाच पाहिजे," अभय म्हणाला आणि त्याने गाणं पुन्हा लावलं.

राजकुमाररावांना पुरुषाची पावलं येत नव्हती. पण सुलेखाची पावलं त्यांनी रोज समोरून पाहिली होती. कुठलं आधी उचलायची, कुठे जरा रेंगाळायची, सगळं. त्यांनी घाबरत तिचं पहिलं पाऊल टाकलं. मग दुसरं. रत्नमालाबाई मागे जाऊ लागल्या. खिडकीपाशी वळण आलं, तसा राजकुमाररावांच्या मनात नसतानाही त्यांचा हात हलला आणि बाईंच्या पाठीवर दोन बोटं हलकेच दाबली गेली.

रत्नमालाबाई वळल्या. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "आलात व्हय?"