निरोपाचा प्रवेश

“रडणं जमत नाहीये, हरिहर,” श्रीपतीअण्णांनी पेटी वाजवता वाजवता थांबवली. “नवरा लढाईवर निघालाय. पोस्टात नव्हे.”

ओटीवरची सगळी मंडळी हसली. बायकोच्या, मालिनीच्या, रोजच्या वापरातल्या साडीचा पदर डोक्यावरून घेऊन उभा असलेला हरिहरही हसला. माघातल्या उत्सवात देवळापुढे नाटक व्हायचं आणि नाटकातली नायिका हरिहरच व्हायचा. आसपासच्या गावांनी बाहेरून नट्या आणायला केव्हाच सुरुवात केली होती. इथं मात्र हरिहरनं हुंदका दिला की बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागायचे. बाईचं दुःख ओळखावं तर हरिहरनं, असं लोक म्हणायचे. मालिनीही ते ऐकून होती. ऐकता ऐकता चहाचं आधण ठेवायची.

“जाऊ दे, रडणं येईल हळूहळू,” अण्णा म्हणाले. “तू त्या पोफळीच्या नोकरीला नाही म्हणतोयस, तिथंच आम्ही जिंकलो.”

पोफळी गावी वीजघराच्या कामावरच्या एका ठेकेदाराला हिशेबनीस हवा होता. पगार आताच्या अडीचपट, राहायला खोली. बदल्यात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मान मोडून काम आणि महिन्यातून एखादा रविवार घर. ठेकेदाराचा माणूस आज संध्याकाळी उत्तर न्यायला यायचा होता.

“पैशासाठी माणसानं आपला छंद मोडू नये,” हरिहर पदर सावरत म्हणाला. “वेळ एकदा विकला की परत विकत मिळत नाही.”

“लाख बोललास!” तबल्यावरच्या रामानं थाप मारली.

मालिनी कपबशांचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होती. वेळ विकतासुद्धा येतो, हे तिला आजच कळत होतं. तिचा आजवर फुकटच गेला होता.

“अगो, बरी आलीस,” हरिहर तिला म्हणाला. “तूच सांग. नवरा परमुलखात निघाला तर बाई रडेल कशी? जरा करून दाखव.”

मालिनीनं ट्रे खाली ठेवला.

“रडेलच असं कशावरून?”

“म्हणजे?”

“आधी त्याला जाऊ दे तरी. मग बघू, रडू येतंय का.”

ओटीवर हशाच हशा. अण्णांना ठसका लागला.

“वैनी, यंदा तुम्हालाच घेऊ नाटकात!” रामा म्हणाला.

“घ्या की. पण मग चहा कोण करील?”

पुन्हा हसले सगळे. हरिहर तेवढा हसला नाही.

तालीम लवकरच आटोपली. मंडळी चपला शोधत, अजून हसत पांगली. कपबशा जिथं तिथं राहिल्या. एक पेटीवर, दोन कठड्यावर, एक तुळशीपाशी. हरिहर साडी न सोडताच पायरीवर बसला.

“मी जायला हवाय का गो तुला?”

“तुम्ही नकोयत असं नाही,” मालिनी म्हणाली. “मलाही सुट्टीचा रविवार हवाय.”

“रविवार घेऊन करशील काय? तुला कसला छंद तरी आहे?”

“नाही. छंद जडायलाही आधी मोकळं बसावं लागतं म्हणतात.”

नाटकातल्या नायिकेच्या तोंडी असं वाक्य कधी आलेलं नव्हतं.

मालिनीनं केस सारखे केले, चपला घातल्या. “मांडवीच्या समुद्रावर जाऊन येते.”

“आत्ता? कशाला?”

“ते तिथं गेल्यावर ठरवीन.”

घरापासून वरच्या रस्त्यापर्यंत पाखाडीच्या दगडी पायऱ्या होत्या. पाण्याचा हंडा, बाजाराची पिशवी, दळणाचा डबा, यांतलं काहीच हातात नसल्यानं तिला हात कुठं ठेवावेत ते कळेना. मध्यावर एक माणूस उतरताना भेटला. वर रस्त्यावर त्याची जीप उभी होती.

“बाय, हरिहरभाऊंचं घर ह्येच काय? मी बाबल्या. पोफळीवरनं आलोय.”

मालिनीनं बोटानं घर दाखवलं आणि ती वर गेली. शेवटच्या पायरीवर दम घ्यायला थांबली, तेव्हा सहज मागं वळून पाहिलं.

खाली अंगणात पाठमोरी एक बाई वाकून तुळशीपासची कपबशी उचलत होती. डोक्यावर पदर, एका हातात ट्रे. क्षणभर मालिनीला ओळख पटेना. मग साडी ओळखू आली.

बाबल्या अंगणाच्या दगडी गडग्याशी पोचला होता. तो अदबीनं म्हणाला, “वैनी, भाऊंचं काय ठरलं? येतायत ना पोफळीला?”

त्या बाईनं कपबशी ट्रेमध्ये ठेवली. मग मान न वळवता, हरिहरच्या चांगल्या खणखणीत आवाजात, ती बोलली,

“मालिनी समुद्रावर गेलीय. ती आली की तिला विचारून सांगतो.”

तो आवाज ऐकून बाबल्या एक पाऊल मागं सरला आणि गडग्यावर बसलाच.

मालिनी वळली आणि मांडवीच्या रस्त्याला लागली. सावकाश चालत होती. घाई कसली? बाबल्याला टेकायला गडगा होता, आणि चहा टाकायला घरात बाई होती.