नऊ लाख खेळाडूंचा निकाल

चौकशी कचेरीतले सोनटक्के निकालाचा कागद घेऊन वैजयंताच्या दारात आले. तिचा नवरा दिगंबर सिनेमात स्टंट करायचा. सेटवर दोर तुटून तो गेला, त्याला दोन महिने झाले होते. नियमाप्रमाणे त्या दिवसाचा व्हिडिओ गेम करून लोकांना खेळायला दिला होता. ज्याच्या भूमिकेतून खेळाडू दिगंबरला सर्वांत जास्त वेळा वाचवतील, दोष त्याचा. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी दोर बांधणाऱ्यावर पैज लावली होती.

"ताई, तुमचं नाव आलंय," सोनटक्के म्हणाले. "शॉटच्या आधी तुम्ही फोन केला होतात. तुमच्या भूमिकेतले खेळाडू दिगंबररावांना 'जेवलात का' विचारतात. ते बोलत बसतात. तोवर सेटवरचे लोक दोराला वाळूचं पोतं टांगून बघतात आणि दोर तुटतो, ते वाचतात."

"मीही तेच विचारलं होतं. 'ठेव, शॉट लागलाय' म्हणाले."

सोनटक्क्यांनी दोष मान्य असल्याच्या सहीसाठी पेन पुढे केलं. तिने आधी गेम मागितला.

'जेवलात का' विचारल्यावर गेममधला दिगंबर तिच्याशी अकरा मिनिटं बोलला. नऊ वर्षांच्या संसारात तो फोनवर एवढा वेळ कधी बोलला नव्हता.

तिने सही केली.